एकफोर्सचा हरवलेला गुंडा

१

"एकफोर्समध्ये कुणाचा तरी लोकरीचा गुंडा चोरीला गेलाय," नियंत्रण कक्षातली मुलगी फोनवर म्हणाली. "तू खरंच जाणार आहेस का हिलेवी? की आधी मांजराला विचारा म्हणून सांगू?"

हिलेवी ऑस्टलिंगने डोळे मिटले. नाताळचा दुसरा दिवस, बाहेर उणे सतरा, आणि ताटात कालचंच हॅम. पोलिसातला हा तिचा शेवटचा हिवाळा होता आणि तो सुखासुखी जाईल अशी तिला वेडी आशा होती. मुलगी बिचारी दक्षिणेकडची. तिकडे बर्फावरची बँडी कुणी खेळत नाही. बँडीच्या चेंडूला इकडे गुंडा म्हणतात, हे तिच्या गावीही नव्हतं.

"कुठला गुंडा, ते सांगितलं का?"

"'त्या वर्षीचा' म्हणाले. कुठल्या वर्षीचा म्हणून विचारलं तर फोनच आपटला."

हिलेवीने काटा खाली ठेवला आणि बूट शोधायला लागली.

'ते वर्ष' म्हणजे कुठलं, हे एकफोर्समध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्या वर्षी विश्वस्पर्धेत स्वीडनच्या संघात या एवढ्याशा गावचे दोघे होते. गोलवर अलवार ब्रुस्क, आणि त्याच्या पुढे बचावाला सिक्स्टेन नॉरलिंग. समुद्रापलीकडे रशियनांशी शेवटचा सामना. बरोबरी झाली असती तरी जगज्जेतेपद आपलं होतं. सामना संपत आला, बर्फ भुरभुरत होता, आणि एक साधा, सरपटत आलेला चेंडू अलवारच्या गुडघ्यांमधून आत गेला. हिलेवी तेव्हा पाळण्यात होती, तरी तो गोल तिला पाठ होता. एकफोर्समध्ये गळक्या बादलीला अजून अलवारच म्हणतात.

तोच चेंडू आज सकाळी काचेखालून नाहीसा झाला होता.

२

क्लबघराचं दार आतून बंद होतं. क्लबचा अध्यक्ष रूने क्वार्नलुंडने ते उघडलं आणि हिलेवी आत येताच पुन्हा लावलं.

"कुणाला हलू दिलं नाही मी," तो म्हणाला. त्याचा चेहरा हॅमसारखा गुलाबी झाला होता. "सामना संपला की प्रदर्शनाचं उद्घाटन आहे. विश्वस्पर्धेचा सगळा इतिहास मांडलाय आम्ही. आणि मधोमध रिकामी उशी!"

"आधी श्वास घे. काय झालं ते क्रमाने सांग."

झालं होतं एवढंच. उद्घाटनाआधी मानाच्या तिघांना रूनेने कॉफीला बोलावलं होतं. धूळ पुसायला त्याने काचेचं झाकण उचललं, तेवढ्यात फाटकापाशी पाहुण्या संघाची बस बर्फाच्या ढिगात रुतली आणि आरडाओरडा झाला. चौघेही खिडकीला नाकं लावून उभे राहिले. परत वळून बघतात तो उशी रिकामी. बाहेर कुणी गेलं नव्हतं, खिडक्या हिवाळ्यासाठी चिकटवून बंद केलेल्या होत्या.

"म्हणजे चौघांतलाच एक," हिलेवी म्हणाली.

"तिघांतला," रूने म्हणाला.

"चौघांतला, रूने. मी मोजते आहे, तू नाही."

तिने चौघांकडे बघितलं. रूने स्वतः. संग्राहक रेयो, फिनलंडहून आलेला, जुनी पदकं आणि काठ्या गोळा करणारा वाळका म्हातारा. अलवारची मुलगी मार्गिट, ओठ घट्ट मिटलेली. आणि कोपऱ्यात सिक्स्टेन, ऐंशीला टेकलेला, तरी खुर्चीत ताठ बसलेला. चौघांच्या पायांशी चार तपकिरी चामडी बॅगा होत्या.

बँडी बघायला निघालेला माणूस ती बॅग घेतल्याशिवाय उंबरठा ओलांडत नाही. आत बुडाखाली घ्यायची गादी, हॅम घातलेला पाव आणि थर्मास. थर्मासात कॉफी असते, आणि कॉफीत आणखी काहीतरी असतं. मैदानावर दारूला सक्त बंदी आहे आणि ती सगळे इमानेइतबारे पाळतात; म्हणजे कुणी कुणाच्या थर्मासात डोकावत नाही. हिलेवी नोकरीला लागली तेव्हा जुन्या फौजदाराने तिला पहिल्याच सामन्याला बजावलं होतं, "पोरी, चोर पकड, भांडणं सोडव, पण थर्मासांकडे बघू नकोस. तिथे आपलं राज्य नाही."

तिने कोटांचे खिसे चाचपले, टोप्या उलट्या केल्या, बॅगा टेबलावर रिकाम्या केल्या. चार थर्मास ओळीने उभे राहिले. सिक्स्टेनचा रुंद तोंडाचा, दांडगा थर्मास तर गावात प्रसिद्ध होता. त्यात तो गरम पाण्यात सॉसेज आणायचा आणि सामन्याला सगळी रांग पोसायचा.

"उघडू का?" रेयोने आपल्या थर्मासाला हात घालत विचारलं. तो पडला परका.

"राहू दे, राहू दे," हिलेवी घाईने म्हणाली. मग तिने खोली बघितली. पडद्यांमागे, शेगडीत, फुलदाणीत, कॉफीच्या भांड्यातसुद्धा. चेंडू कुठेच नव्हता.

बाहेर शिट्टी वाजली. सामना सुरू होत होता. नाताळचा सामना बुडवायला लावला तर निवृत्तीआधीच आपली अंत्ययात्रा निघेल, हे हिलेवीला कळत होतं. तिने दार उघडलं.

"जा. पण मैदान सोडून कुणी जायचं नाही. एकेकाला भेटते मी."

३

रूने तिच्याबरोबर मागे राहिला. "मी कशाला चोरीन? मीच तर आणला तो. संघाच्या डॉक्टरच्या नातीला माळ्यावर सापडला, या शरद ऋतूत. तोवर कुणी बघितलाच नव्हता. आणि हे बघ, किती मोठा फोटो केलाय."

भिंतीवर त्या चेंडूचा परातीएवढा फोटो होता. रंग उडालेला, आणि एका अंगाला आडवा, बारीक, सरळ चरा.

"हा चरा कसला?"

"कुणास ठाऊक. म्हटलं अलवारला विचारू. आज तो बोलणार आहे ना!"

"अलवार? त्या सामन्यावर?"

"त्यानेच फोन केला मला. साठ वर्षं तोंडात मूग धरून बसलेला माणूस आपणहून म्हणाला, मला दोन शब्द बोलायचेत. मी सगळ्यांना सांगून टाकलं. वर्तमानपत्रवाले येणारेत हिलेवी, आणि माझ्याकडे नुसती उशी आहे!"

फिनलंडच्या रेयोला तिने टपरीमागे गाठलं.

"मी विकत मागितला होता," तो म्हणाला. "रूने नाही म्हणाला. पण चोरून काय करू? चोरलेली वस्तू कुणाला दाखवता येत नाही. आणि जी दाखवता येत नाही, ती संग्राहकाला काय कामाची? अंधारात बसून एकट्याने बघू?"

ते खरं होतं. शिवाय थर्मास उघडू का म्हणून विचारणारा तोच एकटा होता, पण हे हिलेवीच्या डोक्यात तेव्हा आलं नाही. तिचे पाय दुखत होते.

मार्गिट गाडीत बसून होती. वडिलांना आणायला जायची तेवढी परवानगी हिलेवीने तिला दिली होती.

"मला मिळाला असता ना तो चेंडू, तर मी चुलीत घातला असता," ती म्हणाली. "लिहून घे हवं तर. माझ्या लग्नात कुणीतरी गळक्या बादलीत फुलं पाठवली होती, माहीत आहे तुला? बाबा हसले. मी नाही हसले."

"मग तू घेतलास का?"

"नाही. बाबांनी सहा दिवस भाषण घोकलंय. न्हाणीघरात सुद्धा. मला ते आवडत नाही, पण त्यांच्या तोंडचा घास मी काढून घेणार नाही." तिने गाडी सुरू केली. "तुझा चेहरा उतरलाय हिलेवी. काहीतरी खाऊन घे."

४

सिक्स्टेन त्याच्या नेहमीच्या जागी, मधल्या रेषेच्या समोर बसला होता. बॅग पायांमध्ये घट्ट धरलेली. मैदानावर अकरा-अकरा जणं वाकड्या काठ्या परजत स्केटवरून धावत होती, आणि एकफोर्सचं नेहमीप्रमाणे हरणं चाललं होतं.

"ये, बस," तो म्हणाला आणि तिच्या हातात कागदात गुंडाळलेली सॉसेज ठेवली. सगळ्या रांगेच्या हातात तसलीच होती. "आज माझ्याकडून सगळ्यांना."

"सिक्स्टेन, खिडकीपाशी तुझ्या बाजूला कोण होतं?"

"मार्गिट. नाहीतर रूने. बस रुतली होती, माणसांकडे कोण बघतंय?"

"तुला कोणावर संशय?"

"कुणावर नाही. गेला तर गेला. बरं झालं." तो मैदानाकडेच बघत होता. "अलवारला त्या चेंडूसमोर खुर्चीत बसवून फोटो काढायचे होते त्यांना. फाशी गेलेल्याला दोरासकट उभं करायचं. माणुसकी म्हणून काही असते की नाही?"

"अलवारनेच बोलायचं ठरवलंय म्हणे."

"म्हातारा झालाय तो. त्याला काय कळतंय!"

मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "सिक्स्टेन, हे काय रे, ओला पुठ्ठा खायला घातलास नाताळचा!" सगळे हसले. सिक्स्टेनही हसला, पण उशिरा.

हिलेवी उठली. जिना उतरता उतरता तिने दुसरा घास घेतला. खरंच पुठ्ठा होता. टपरीवरच्या सॉसेजला एकफोर्समध्ये कुत्रं तोंड लावत नाही, ती पाहुण्यांसाठी असते. आज घरून निघताना आपण हॅम तसंच टाकून आलो, याचं तिला फार वाईट वाटलं.

आणि घास तोंडातच राहिला. आयुष्यभर सगळ्या रांगेला घरची सॉसेज खाऊ घालणारा माणूस, पायांशी तो दांडगा थर्मास असताना, टपरीच्या रांगेत कशाला उभा राहिला होता?

५

ती परत वर चढली. गुडघे कुरकुरत होते. सिक्स्टेनशेजारी बसली तेव्हा पहिलं तिला स्वतःचंच हसू आलं, आणि मग राग. सकाळी तो थर्मास तिच्या समोर टेबलावर उभा होता. परका पोलीस असता तर त्याने सगळ्यांत आधी तोच उघडला असता. चोराला हे माहीत होतं. ही गावचीच पोलीस आहे, थर्मासाला हात लावणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

"सिक्स्टेन, ती टपरीवरची टाकून दिली मी. भूक लागलीय. तुझ्या थर्मासातली एक दे."

शेजाऱ्याने मागितलं तर नाही म्हणायचं नसतं. तिथे पोलीस-चोर असलं काही चालत नाही. रांगेत बसलेला माणूस तो रांगेतलाच. सिक्स्टेनने बॅग मांडीवर घेतली आणि थर्मासाचं झाकण फिरवलं. वाफ आली नाही. आत लोकरीचा हातमोजा होता आणि हातमोज्यात चेंडू.

"सकाळी सॉसेज उकळलीच नव्हतीस," ती हळू म्हणाली.

"नाही."

"म्हणजे घरून ठरवून निघालास. बस रुतली नसती तर?"

"दुसरं काहीतरी झालं असतं. रूने दिवसातून दहा वेळा ते झाकण उचलतो." त्याने हातमोजा तिच्या हातात दिला. "अलवारसाठी केलं मी. त्याला सोडवायला. साठ वर्षं त्याच्या शेजारी बसलोय मी या बाकावर. त्याचे हाल मी बघितलेत, तू नाहीस."

हिलेवीने चेंडू हातमोज्यातून काढून तळहातावर घेतला. केवढासा होता! तिचा अंगठा त्या चऱ्यावरून फिरला. फोटोत नुसती रेघ दिसत होती. हाताला मात्र ती खोल लागली, सुरीने कापावी तशी. काठीने असं होत नाही. काठी चेंडू चेपते, खरवडते. असं कापतं ते फक्त स्केटचं पातं.

गोलरक्षक तर गुडघ्यांवर बसलेला होता; त्याची पाती मागे होती.

तिने सिक्स्टेनकडे बघितलं. तो तिच्याकडे नाही, तिच्या अंगठ्याकडे बघत होता. तिला काही विचारावंसं वाटलं नाही. थकवा आला होता, आणि त्याची दयाही आली.

"सामना संपला की क्लबघरात ये," ती म्हणाली. "पळू नकोस. बर्फ आहे, पडशील."

६

अलवार ब्रुस्क चाकाच्या खुर्चीत, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन, मागच्या लहान खोलीत बसला होता. चौऱ्याऐंशी वर्षांचा, हात मात्र अजून फावड्यांसारखे. हिलेवीने मार्गिटला कॉफी आणायला पाठवलं आणि चेंडू त्याच्या मांडीवर ठेवला.

त्याने तो उचलला नाही. बघत राहिला.

"कोणी घेतला होता?"

"सिक्स्टेनने. म्हणतो, तुझ्यासाठी."

म्हातारा हसायला लागला. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांत पाणी आलं.

"माझ्यासाठी! गाढव! मला सोडवायला निघालेत सगळे. मी दुकानात शिरलो की बँडीचं बोलणं बंद. मी बाकावर आलो की हवापाण्याच्या गप्पा. तोंडावर कुणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. साठ वर्षांत मला कुणी एकदाही विचारलं नाही, अलवार, कसा रे गेला तो? म्हणून आज म्हटलं, मरायच्या आधी एकदा आपणच सांगू. सर्वांसमोर."

"काय सांगणार आहेस?"

"जे झालं ते. बर्फ पडत होता, चेंडू आला, मी गुडघे उघडे ठेवले."

"अलवार, हा चरा स्केटचा आहे."

त्याचं हसू मावळलं. त्याने आता चेंडू उचलला, आणि तो त्या मोठ्या मुठीत पार दिसेनासा झाला.

"चेंडू तुझ्याकडे सरळ येत नव्हता," हिलेवी म्हणाली. "कुणाच्या तरी पायाला लागून वळला. रशियन गोलकडे धावत होते, त्यांची पाती चेंडूच्या मागे होती. तुझ्यापुढे उभा राहून तुझ्याकडे पाठ केलेला माणूस एकच होता. आणि रूनेने हा फोटो परातीएवढा करून भिंतीवर लावल्यावर तोच घाबरला. त्याला वाटलं, आज तू सांगणार. म्हणून—"

"चोरी सापडली ना तुला?"

"हो."

"मग तुझं काम झालं. आता गप्प बस. आणि त्याला सांग, घाबरू नकोस म्हणावं. मी काय आजच्यासाठी तोंड शिवून बसलो होतो काय?"

हिलेवीला खरं म्हणजे ओरडायचं होतं. गळकी बादली, लग्नातली फुलं, दुकानातली शांतता, सगळं या माणसाने दुसऱ्याच्या वाटचं खाल्लं होतं. पण कायद्याने तिला विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिने खुर्चीची चाकं मोकळी केली.

७

क्लबघर ओल्या कोटांनी गच्च भरलं होतं. एकफोर्स हरलं होतं, त्यामुळे सगळ्यांना दुसऱ्या कुठल्या तरी पराभवाबद्दल ऐकायला आवडणार होतं. रूनेने उशीवरच्या चेंडूकडे बघून तीनदा डोळे पुसले आणि तो कुठे सापडला हे विचारायचं पार विसरला.

हिलेवी दाराला टेकून उभी राहिली. सिक्स्टेन अगदी मागे, बॅग छातीशी धरून. तिने त्याला अलवारचा निरोप दिला होता.

अलवारने चेंडू हातात मागून घेतला.

"तुम्हाला सगळ्यांना तो गोल माहीत आहे," तो म्हणाला. "मी सोडून सगळ्यांनी तो सांगितलाय. आता मी सांगतो. सकाळी आम्हाला लापशी मिळाली, ती करपलेली होती." लोक बिचकत हसले. तो सांगत गेला. बर्फ कसा आडवा येत होता, रशियन कर्णधार कसा हसतमुख होता, स्वतःच्या बोटांना कशी बधिरता आली होती. गोलरक्षकाला बँडीत काठी नसते, असतात ते फक्त हात, आणि हातांना काही कळत नव्हतं. मार्गिट कॉफीचा पेला तसाच धरून उभी होती.

"मग तो आला. सरळ आला. हळू आला. लहान पोराने अडवला असता. मी गुडघे जुळवले नाहीत. चूक माझी. इतर कुणाचीही नाही. बस, एवढंच. आता बादलीला खुशाल अलवार म्हणा, पण माझ्यासमोर म्हणा."

रूने टाळ्या वाजवायला लागला. दोघातिघांनी साथ दिली.

"खोटं बोलतोय तो," मागून आवाज आला.

टाळ्या थांबल्या. सिक्स्टेन गर्दीतून पुढे येत होता. बॅग त्याने तिथेच टाकली होती.

"सरळ नाही आला. उजवीकडून बाहेर चालला होता. मी मध्येच पाय घातला. काही गरज नव्हती, हा ओरडत होता, सोड, सोड म्हणून. माझ्या स्केटला लागला आणि वळला. कुणालाच तो अडवता आला नसता. एकोणीस वर्षांचा होतो मी. बोटीवर रडत होतो, तर हा म्हणाला, तू काही बोलू नकोस, ठपका मी अडवतो, गोलरक्षकाला सवय असते." त्याला धाप लागली. "आणि मी बोललो नाही. लग्न केलं, पोरं झाली, प्रशिक्षक झालो, बोललो नाही. सकाळी चेंडूही मीच चोरला. तो चरा बघा. माझा आहे."

मार्गिटने पेला टेबलावर ठेवायचा प्रयत्न केला, तो कलंडला, आणि कॉफी प्रदर्शनाच्या पांढऱ्या चादरीवरून ओघळत गेली. ती पुसायला कुणी पुढे झालं नाही.

अलवार चेंडूवर मूठ आवळून बसला होता. त्याचा चेहरा रागाने लाल झाला होता. साठ वर्षांत कुणी त्याला एवढं चिडलेलं बघितलं नव्हतं.

"गाढवा," तो म्हणाला, "सगळ्या आयुष्यात एवढा एकच अडवला होता रे मी."